शिवेवरचा नारळ

“नारळ खयसून हाडलात, घाड्यानू?” मी विचारलं.

“आभाळातून पडलो,” सोमा घाडी म्हणाला आणि संगिनीच्या टोकावर नारळ सोलत राहिला.

आम्ही जावा बेटावरच्या एका साखर कारखान्याच्या फाटकाच्या आत होतो. फाटकाबाहेर, ऊस वाहून आणायच्या रस्त्यावर, हजारभर माणसं टोक काढलेले बांबू आणि जपान्यांकडून हिसकावलेल्या बंदुका घेऊन बसली होती. कुठल्याही क्षणी काहीही झालं असतं. आणि आमचा नाईक, आमच्या तुकडीचा म्होरक्या, सकाळच्या उन्हात फतकल मारून नारळाची शेंडी शाबूत राहील याची काळजी करत होता. माझं डोकंच फिरलं.

“माणसां बाहेर आपल्या जिवावर उठली हत, आणि तुमका नारळ सुचता?”

“म्हणानच सुचता,” तो म्हणाला. “परबा, येताना आपण त्या वडाकडसून इलंव. वडाखाली दगड होतो. दगडावर फुलां होती, उदबत्ती होती. तू बघलंस?”

“बघलंय.”

“शिवेवरचो राखणदार तो. तेका इचारल्याबिगर आपण गाड्ये घेऊन सरळ आत इलंव. मगे हो घोळ होतलो नाय तर काय?”

मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्या मालवणाकडच्या माणसाला जगाच्या पाठीवर कुठंही नेऊन सोडा, तो आधी तिथला राखणदार शोधणार. त्यात हा घाडी. गावात देवापुढं गाऱ्हाणं घालायचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराण्याकडे. ब्रह्मदेशात डोक्यावरून तोफगोळे जात होते तेव्हाही खंदकातल्या मातीला हात लावून पुटपुटत बसायचा. त्याला मी काय शिकवणार?

पण माझं डोकं नारळामुळं फिरलं नव्हतं, हे आता सांगायला हरकत नाही. मी घाबरलो होतो. मरणाला नव्हे, म्हणजे मरणालाही, पण त्याहून एका वेगळ्या गोष्टीला. ती गोष्ट घरची होती.

माझा थोरला भाऊ आत्माराम. बेचाळीस साली तालुक्याच्या कचेरीवर झेंडा लावायला गेलेल्या पोरांत तो पुढे होता. पोलिसाची लाठी उजव्या खांद्यावर बसली आणि तुरुंगात हाड असं जुळलं की पुढे त्याचा हात कधी खांद्याच्या वर गेला नाही. सदरा घालायचा तर आईने बाही धरायची. आणि मी, त्याचा सख्खा धाकटा भाऊ, त्याच सरकारच्या पलटणीत. सुट्टीवर घरी गेलो तेव्हा तो माझ्याशी बोललाच नाही. निघायच्या दिवशी मात्र शिवेपर्यंत सोबत आला आणि म्हणाला, “जपान्यावांगडा लढ. तेचा माका काय नाय. पण कोण आपला राज्य मागता आसात आणि तू तेच्यावर गोळी घातलंस, तर माका तोंड दाखव नको.”

मी हसलो होतो. ब्रह्मदेशाच्या रानात आपलं राज्य मागणारा मला कोण भेटणार होता?

तो भेटला जपान हरल्यावर. लढाई संपली, आता घरी, असं म्हणून आम्ही कपड्यांच्या घड्या घालत होतो तर हुकूम आला की जहाजात चढा. जावा बेट. तिथं आधी डचांचं राज्य होतं, मग जपान्यांचं आलं. जपानी हरले त्याच आठवड्यात तिथल्या लोकांनी सांगून टाकलं की आता आम्ही कुणाचेच नाही. साहेब लोकांनी आम्हांला सांगितलं की जपान्यांची हत्यारं काढून घ्यायची आणि त्यांनी कोंडून ठेवलेली डच बायकापोरं सोडवून बंदरावर न्यायची. पुण्याचं काम. आम्हांलाही तसंच वाटलं.

बंदरावर उतरलो तर गोदामांच्या भिंतींवर चुन्याने लिहिलेलं. इंग्रजीत होतं आणि खाली मोडक्यातोडक्या हिंदीत होतं: हिंदी भाई, तुम गुलाम, हम गुलाम, हम को क्यों मारते हो. मी सातवी पास. तुकडीत वाचता येणारा मी एकटाच. सगळे विचारत राहिले, काय लिहिलंय, काय लिहिलंय. मी म्हटलं, सिगारेटची जाहिरात आहे.

आणि आमच्या मागून येणाऱ्या जहाजांत डच पलटणी आहेत, हे खलाशांनी आम्हांला सांगितलंच होतं.

बायकापोरं कोंडलेल्या त्या साखर कारखान्यात पोचलो तर आणखी मजा. फाटकावर पहाऱ्याला जपानी. हरलेले, पण त्यांना आमच्या साहेबांचाच हुकूम होता की आम्ही येईपर्यंत बायकापोरांना सांभाळा, नाहीतर बाहेरचे लोक आत घुसतील. दोन वर्षं ज्यांना मारायला आणि ज्यांच्या हातून मरायला निघालो होतो, त्यांच्यातला एक सार्जंट टाचा जुळवून मला, लान्स नाईक भिकाजी परबाला, सलाम ठोकत होता. सोमा घाडी त्याच्याकडे बघून म्हणाला, “माझ्या मांडयेत जी गोळी आसा, ती ह्याचीच आसतली. इचार रे तेका.” मी विचारलं नाही. सार्जंटने आम्हांला चहा दिला आणि आम्ही तो प्यालो.

म्हणजे बघा, लोक जावाचे. राज्य मागणारे ते. त्यांच्या अंगणात डच येणार म्हणून इंग्रज आला, इंग्रजाला माणसं कमी पडली म्हणून आम्ही आलो, आम्ही कमी पडलो म्हणून हरलेला जपानी पुन्हा उभा केला. एका घरचं भांडण आणि चार गावचे लठैत. कोण कुणासाठी मरणार होता ते कुणाला सांगता आलं नसतं.

त्या सकाळी बाहेरून बोलणी करायला एकजण आला. पांढरा सदरा, डोक्यावर काळी टोपी, हातात काहीच नाही. माझ्याच वयाचा. नाव सास्त्रो, गावच्या शाळेत मास्तर. आमच्यात तो लगेच शास्त्री झाला. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं, तरी आमचे कप्तान ब्राउनलोसाहेब तयार होऊन येईपर्यंत तो माझ्याशीच बोलत राहिला.

“तुम्ही हिंदुस्थानातले?”

“हो.”

“तिकडं राज्य कुणाचं?”

“इंग्रजांचं.”

“मग ते सोडून इथं दुसऱ्याला राज्य मिळवून द्यायला आलात?”

“बायकापोरांना न्यायला आलो,” मी म्हटलं.

“आज बायकापोरं. उद्या?”

त्याने माझ्या बाहीवरच्या फितीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. “तुमच्या घरी कोणी तुरुंगात गेलंय का?” त्याने विचारलं.

“भाऊ.”

त्याने नुसती मान हलवली. मला त्याचा राग आला. माणसाने वैऱ्यासारखं वागावं, म्हणजे आपल्यालाही सोपं जातं.

साहेब आले आणि ठरलं. गावकरी बायकापोरांना वाट देतील. जपान्यांनी कारखान्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. आमच्या बंदुकांची तोंडं खाली. वडापाशी रस्त्यावर त्यांनी आडवा ओंडका टाकला होता, तिथं गाड्या थांबतील, आत कुणी डच शिपाई लपलाय का ते सास्त्रो स्वतः बघेल, मग ओंडका हलवतील. वडापलीकडं बंदराचा रस्ता मोकळा.

सास्त्रो गेल्यावर साहेबांनी मला बाजूला घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. लाल चेहऱ्याचा, तिशीच्या आतला, त्यालाही घरीच जायचं होतं. पण आदल्या आठवड्यात दुसऱ्या एका गावी अशाच ओंडक्यापाशी थांबलेल्या लॉरीत हातबॉम्ब पडला होता आणि तो त्याने डोळ्यांनी पाहिला होता.

“पहिल्या लॉरीच्या टपावर ब्रेनगन राहील,” तो म्हणाला. “वर कांबळं टाक, दिसू देऊ नको. तू तिच्यामागं. त्यांच्यातल्या कुणाचा हात फेकायला वर गेला, किंवा बंदूक खांद्याला लागली, की मी सांगायची वाट बघू नको. मास्तर पुढेच असेल, त्याच्यापासून सुरुवात कर.”

“हो साहेब,” मी म्हटलं. आणखी काय म्हणणार?

तर अशा वेळी हा माणूस नारळ सोलत होता.

“साहेबाक कळला तर?” मी म्हटलं.

“तेका कित्या कळाक व्हया?” सोमा घाडी उठला. सोललेला नारळ त्याने पाठीवरच्या झोळीत टाकला. “परबा, तुझ्या तोंडावर बारा वाजलेत. काय झाला?”

मी त्याला साहेबाचा हुकूम सांगितला. आत्मारामदादाचं त्याला ठाऊक होतं. त्यांचं गाव आमच्या शेजारचंच.

“मगे तर नारळ व्हयोच,” तो म्हणाला आणि लॉरीकडे निघाला.

लॉऱ्या निघाल्या. मागे बायकापोरं दाटीवाटीने बसलेली, हाडं दिसत होती त्यांची. एका म्हातारीने मांडीवर पितळी किटली घट्ट धरली होती, जणू राज्य गेलं तरी किटली द्यायची नाही. आमची माणसं पहिल्या लॉरीत, साहेबांची जीप मधे. मी टपावर पालथा, पुढ्यात कांबळं, कांबळ्याखाली ब्रेन मशीनगन. दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. बायका, म्हातारे, कपाळाला लाल-पांढऱ्या पट्ट्या बांधलेली तरणी पोरं. कुणी ओरडत नव्हतं. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

मला एकच दिसत होतं. सास्त्रो ओंडक्यापाशी उभा होता, पांढऱ्या सदऱ्यात, आणि माझ्या नेम धरायच्या माशीच्या टोकावर त्याच्या सदऱ्याचं दुसरं बटण होतं. त्याच्यामागं एका गडग्यावर, रचलेल्या दगडांच्या कुंपणावर, एक गावकरी जपान्यांची बंदूक घेऊन बसलेला. देवा, मी मनात म्हटलं, ह्याला हात खिशात घालायला सांग. सगळ्यांना हात खिशात घालायला सांग.

लॉरी वडापाशी थांबली. मोठा वड. पारंब्या जमिनीला लागलेल्या, खाली तोच काळा दगड, दगडावर ताजी फुलं आणि केळीच्या पानावर भाताची मूद. ह्या गडबडीतही कुणीतरी येऊन ठेवून गेलं होतं.

सास्त्रो पहिल्या लॉरीकडं यायला निघाला, आणि त्याच वेळी माझ्याखालून कुणीतरी धप्पकन खाली उडी मारली.

सोमा घाडी. बंदूक त्याने लॉरीतच ठेवली होती. वडाकडे दोन पावलं गेला, थांबला, वाकला आणि बुटांचे बंद सोडू लागला. हजार माणसं बघताहेत, आणि हा बुटांचे बंद सोडतोय. एक बूट, दुसरा बूट, पायमोजे. सगळं नीट बाजूला ठेवलं. सास्त्रो जागच्या जागी उभा राहिला. मागून साहेबांचा आवाज आला, “तो माणूस काय करतोय?”

कोण सांगणार?

अनवाणी सोमा घाडी दगडासमोर गेला, झोळीत हात घातला, नारळ दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गाऱ्हाणं हळू आवाजात घालायचं नसतं. देवळाच्या मागच्या माडापर्यंत ऐकू गेलं पाहिजे असा त्याचा आवाज.

“बा राखणदारा म्हाराजा! ह्या वडाखालच्या, ह्या शिवेच्या धनया! तुझा नाव आमका म्हायत नाय…”

“होय म्हाराजा!”

लॉरीतल्या सगळ्यांच्या तोंडून एकदम निघालं. कुणी ठरवलं नव्हतं. आमच्याकडं गाऱ्हाणं सुरू झालं की पाळण्यातल्या पोराच्या तोंडूनही तेच येतं. माझ्याही तोंडून आलं, बंदुकीच्या दस्त्याला गाल लावलेला असताना.

गर्दी एकदम मागे सरली आणि मग पुढे आली. बांबू उचलले गेले. एवढी माणसं एका आवाजात ओरडली, ती काय देवाला ओरडली असं त्यांना थोडंच वाटणार होतं?

“येताना इचारल्याबिगर इलंव, ती चूक पदरात घे…”

“होय म्हाराजा!”

“ही बायकापोरां तुझ्या शिवेभायर नेतंव, तेंच्या पायाक काटो लागान देव नको…”

“होय म्हाराजा!”

पुढं आणखीही तो बोलला, ते मी ऐकलं, त्यालाही “होय म्हाराजा” म्हटलं. पण माझं ध्यान गडग्यावरच्या माणसाकडं होतं. तो उभा राहिला होता.

आणि सोमा घाड्याने नारळ उजव्या हातात घेतला, दगडाच्या पायथ्याशी नेम धरला आणि हात डोक्याच्या वर नेला.

तेव्हा मला कळलं की इथं नारळ फक्त आम्हांलाच दिसतोय. समोरच्यांना दिसत होता शत्रूच्या शिपायाच्या हातातला काळपट, मुठीत मावेल न मावेल असा गोळा, फेकायला वर गेलेला. गडग्यावरच्याने बंदूक खांद्याला लावली. आणखी पाच-सहा बंदुका वर आल्या. आणि मागच्या जीपमधून साहेबांना दिसल्या त्या वर आलेल्या बंदुका.

“परब! फायर!”

हुकूम बरोबर होता. साहेबाच्या जागी मी असतो तर हेच ओरडलो असतो. आणि माझ्या बोटाखाली घोडा होता, माशीवर ते दुसरं बटण होतं. सास्त्रो माझ्याकडे बघत होता. कांबळ्याखाली काय आहे ते त्याला बहुधा आधीपासून ठाऊक होतं.

तो नारळ आहे, एवढंच सांगायचं होतं. त्यांच्या भाषेत नारळाला काय म्हणतात ते मला येत नव्हतं, आणि सांगायला वेळही नव्हता. मी ब्रेन सोडली. दोन्ही हात वर केले, बोटं फाकवली आणि टपावर सरळ उभा राहिलो, सगळ्यांना दिसेन असा. दादा दिसला, आई दिसली, असलं काही झालं नाही. आता गोळी छातीत लागेल की पोटात, एवढंच डोक्यात होतं.

गडग्यावरचा माणूस माझ्याकडं बघायला लागला. त्याची बंदूक तेवढ्यापुरती थांबली.

आणि नारळ फुटला.

आवाज छान आला. एका फटक्यात दोन सरळ भकलं झाली. पाणी दगडावर उडालं, सोमा घाड्याच्या पायांवर उडालं. एक भकल गडगडत गेलं आणि गर्दीच्या पुढ्यात उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याच्या पायाशी उताणं पडलं, पांढरंशुभ्र.

कुणी हललं नाही. मग तो म्हातारा वाकला. खांद्यावर पंचा, तोंडात पानाचा तोबरा. आमच्या गावच्या देवळातच शोभला असता. त्याने भकल उचललं, हुंगलं, दगडाकडं पाहिलं, सोमा घाड्याच्या अनवाणी पायांकडं पाहिलं आणि काहीतरी मोठ्याने विचारलं.

सास्त्रोने ऐकलं. “हे आजोबा या झाडाची जागा राखतात,” तो मला म्हणाला. “विचारताहेत की तुमच्यात वाट मागायची असली की हे देतात का?”

“हो,” मी म्हटलं. हात अजून वरच होते.

सास्त्रोने सांगितलं. म्हातारा पुन्हा बोलला, जरा रागावूनच.

“ते म्हणतात, मग येताना का नाही दिलंत?”

मी खाली बघून सोमा घाड्याला मालवणीत सांगितलं. तो ताडकन वळला, माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाला, “बघ! मी काय सांगी होतंय? सकाळपासून मी काय सांगी होतंय तुका?”

मला हसू फुटलं. ते भीतीचं होतं की कशाचं, देव जाणे, पण आवरेना. लॉरीतली माणसं हसायला लागली. सास्त्रोने म्हाताऱ्याला काहीतरी सांगितलं, त्याचं बोळकं उघडलं, मग आजूबाजूच्या बायका हसल्या. गडग्यावरच्या माणसाने बंदूक खाली घेतली आणि खालीच बसला, गुडघ्यांत डोकं घालून. मला वाटतं, तो रडत होता. मीही टपावर बसलो. सदरा भिजून पाठीला चिकटला होता.

सास्त्रो लॉरीपाशी आला. “तो माणूस ओरडत होता आणि तुम्ही सगळे ओरडत होतात,” तो म्हणाला. “मला वाटलं, हल्ल्याचा हुकूम. काय मागत होता तो झाडाकडे?”

तेव्हा मला ती पुढची ओळ आठवली, जी मी ऐकूनही नीट ऐकली नव्हती.

“त्याने म्हटलं, इथं जे आपलं राज्य मागताहेत त्यांना ते मिळू दे,” मी सांगितलं. “आणि आमचं आम्हांला मिळू दे.”

सास्त्रोने जीपकडं पाहिलं. साहेब खाली उतरून येत होते, चेहरा पांढराफटक. “आणि तुम्ही सगळे काय म्हणालात?”

“सगळे हो म्हणालो.”

“त्या साहेबासमोर?”

“त्याला मालवणी येत नाही.”

त्याने मान खाली घातली. मग लॉऱ्यांत न डोकावताच वळला आणि ओंडका हलवायला सांगितलं.

सोमा घाड्याला कसली घाई? एक भकल म्हाताऱ्याकडं राहिलं, दुसऱ्याचे संगिनीने तुकडे करून तो मागच्या लॉऱ्यांत प्रसाद वाटत फिरला. किटलीवाल्या म्हातारीने तुकडा हातात घेऊन आधी खात्री करून घेतली की हे खायचं असतं. एक तुकडा त्याने सास्त्रोला दिला, एक गडग्यावर बसलेल्याला नेऊन दिला. मग बसून पायमोजे घातले, बुटांचे बंद बांधले.

संध्याकाळी बंदरावर साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर दारूचा पेला होता, भरलेला, त्याने तोंड लावलेलं नव्हतं.

“तू माझा हुकूम ऐकला नाहीस म्हणून आज मी जिवंत आहे,” तो म्हणाला. “आणि हुकूम ऐकला नाहीस म्हणून तुझी फीत जाईल. दोन्ही खरं आहे, परब. मला दोन्ही करावं लागेल.”

“हो साहेब,” मी म्हटलं, आणि ह्या वेळी मनापासून म्हटलं.

पुढं त्या बेटावर फार वाईट झालं. शहरं जळली, आमच्यातलीही माणसं गेली, त्यांची तर मोजदाद नाही. आमच्या तुकडीला बंदरावरच्या गोदामांवर ठेवलं आणि मग परतीच्या जहाजात बसवलं. त्या गावाचं, सास्त्रोचं काय झालं मला कधी कळलं नाही. त्यांचं राज्य त्यांना मिळालं, एवढं मात्र चार वर्षांनी वर्तमानपत्रात वाचलं. त्याच्या आधी आमचं आम्हांला मिळालं होतं. सोमा घाडी मरेपर्यंत दोन्हींचं श्रेय त्या नारळाला देत राहिला, आणि मी कधी वाद घातला नाही.

मी घरी आलो तो सकाळच्या उन्हात. गाडी रस्त्यावर सोडून गेली, तिथून पायी. शिवेवरच्या आंब्याखाली दादा उभा होता. काखेत नारळ. आईने पाठवला असणार. मुलगा धड परत आला की राखणदाराला द्यायचा म्हणून नवस बोलली असणार. तो हसला नाही. मी पाया पडायला वाकलो तर मागे सरला. त्याची नजर माझ्या बाहीवर होती, जिथं फितीच्या जागी उसवलेले दोरे राहिले होते.

“फीत खय गेली?”

“काढून घेतली.”

“कित्या? चोरी केलंस काय?”

“नाय, दादा. गोळी घालूक नाय.”

तो बघत राहिला. कुठं, कुणावर, काहीएक विचारलं नाही. जावातल्या बातम्या त्याने वाचल्या होत्या. महिनोन्‌महिने रोज वाचत होता, हे मला आईने नंतर सांगितलं. मग त्याने काखेतला नारळ डाव्या हाताने काढून माझ्यापुढं धरला.

“माझो हात वर जायना,” तो म्हणाला. “तू फोड.”

मी पायातले बूट काढले. नारळ घेतला आणि हात डोक्याच्या वर नेला. एक क्षण तसाच धरला. समोर आंबा होता, दगड होता आणि दादा होता, आणि कुणीही माझ्यावर नेम धरलेला नव्हता.